जामीन मंजूर, तरी कैद कायम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला तीन दिवस उरलेले असताना, बीड जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात एक जाहीर बैठक भरली होती. विषय होता निकालाविना तुरुंगात खितपत पडलेल्या माणसांचा. गावातील दोन वकील, काही निवृत्त शिक्षक, बचत गटाच्या महिला आणि महाविद्यालयात शिकणारी आठ-दहा मुले-मुली यांनी मिळून ती बोलावली होती. व्यासपीठ नव्हते, हारतुरे नव्हते, पाहुण्यांचा परिचयही नव्हता. शाळेच्या सतरंज्या अंथरल्या होत्या आणि पावसाची सर आली तेव्हा सगळे सतरंज्या उचलून व्हरांड्यात सरकले. दीडशेच्या आसपास माणसे असतील. त्यांतील निम्म्याहून अधिक पालांवरून, तांड्यांवरून आणि गायरानावरच्या वस्त्यांवरून आलेली होती. मी न्यायालयाच्या कार्यालयात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. त्यामुळे तेथे जे सांगितले जाईल ते आपल्याला बहुतेक ठाऊकच असेल, अशा समजुतीने मी जाऊन बसलो होतो. ती समजूत अर्ध्या तासात मोडली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बोलायला दुसरी उभी राहिली ती तिशीतील एक बाई. तिच्या हातात कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत घड्या पडून पडून मऊ झालेले कागद. विहिरीवरची पाण्याची मोटार चोरल्याच्या आरोपावरून तिचा नवरा चार महिन्यांपासून आत आहे. ती एवढेच म्हणाली, "साहेब, कागद आलाय, माणूस आला न्हाई." वकिलांनी कागद उलगडले, तेव्हा चष्मा लावून मीही शेजारून पाहिले. तो जामिनाचा आदेश होता. त्यावरच्या तारखेला त्या रविवारी दोन महिने अकरा दिवस झाले होते. शेवटच्या ओळीत लिहिले होते की, आरोपीने १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यास त्यास मुक्त करण्यात यावे.

या ओळीचा त्या बाईने लावलेला अर्थ असा होता की, १५,००० रुपये न्यायालयात नेऊन भरायचे. त्यासाठी तिने दोन शेळ्या विकल्या होत्या, ऊसतोडीच्या मुकादमाकडून येत्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली होती आणि ९,००० रुपये गोळा केले होते. उरलेल्या ६,००० साठी ती दारोदार फिरत होती. प्रत्यक्षात तिला एक रुपयाही भरायचा नव्हता. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी. तिच्याखेरीज हवा होता एक माणूस, जो 'हा इसम तारखेला हजर राहील, न राहिल्यास माझ्याकडून एवढी रक्कम वसूल करावी' असे लिहून देईल. हे तिला ना पोलीस ठाण्यात कोणी सांगितले, ना न्यायालयाच्या आवारात, ना कारागृहाच्या मुलाखतीच्या खिडकीशी. तिची बैठकीत सांगून झालेली हकीकत तेथेच संपली आणि ती खाली बसली. मला मात्र पुढचा बराच वेळ दुसरे काही ऐकू आले नाही, कारण जामिनाच्या आदेशातील ही ओळ मी माझ्या नोकरीत असंख्य वेळा टंकलिखित केली आहे. प्रत दिली, नोंदवहीत सही घेतली की आमच्या टेबलावरचे काम संपत असे. तो कागद पुढे कोणत्या घरात जातो, तेथे तो कोण वाचतो आणि वाचणारा कोणी नसला तर काय होते, हे मी कधी विचारले नव्हते.

जामीनदार मिळणे ही गोष्ट ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांना किरकोळ वाटते. भाऊबंदांपैकी कोणी तरी उठतो, तलाठ्याकडून उतारा काढतो, आधार कार्ड आणि फोटो घेऊन येतो, गरज पडल्यास तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणतो आणि संध्याकाळी माणूस घरी येतो. गायरानावर झोपडी बांधून राहणाऱ्याच्या नातलगांत मात्र एकाच्याही नावावर उतारा नसतो, कारण जमीनच नसते. ज्याच्याकडे आहे तो गावातला बागाईतदार. आणि ज्या गावात चोरीचा आळ आला त्याच गावातला बागाईतदार त्या आरोपीला जामीन कसा राहील? दूरचा एखादा मेहुणा परभणीत किंवा हिंगोलीत थोडीफार जमीन राखून असतो. तो आला तर 'जामीनदार स्थानिक हवा' असे ऐकून परत जातो. कागदांची ही काटेकोर मागणी न्यायालये उगाच करतात असे मी म्हणणार नाही. पैसे घेऊन जामीन राहणारे भाडोत्री लोक आणि बनावट उतारे मी स्वतः पाहिलेले आहेत, आणि त्यांच्यामुळे फरार झालेले आरोपीही पाहिले आहेत. पण त्या काळजीचा भार शेवटी पडतो तो ज्याच्याकडे खरा किंवा खोटा कसलाच कागद नाही त्याच्यावर. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला भाडोत्री जामीनदार आजही मिळतोच.

बैठकीत ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त माणसे बोलली ती मात्र आमच्या जिल्ह्याची खास गोष्ट आहे, आणि बाहेरच्यांना ती समजावून सांगावी लागते. दसरा झाला की येथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या सुमारास किंवा त्यानंतर परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली असते; फडातून मधेच निघून येणे म्हणजे मुकादमाशी वैर. अशा माणसावर एखादा किरकोळ मारामारीचा किंवा चोरीचा खटला चालू असेल तर त्याची तारीख डिसेंबरात लागते, जानेवारीत लागते, आणि तो तेव्हा तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतो. एक तारीख चुकते, दुसरी चुकते, आणि न्यायालयाकडून अजामीनपात्र वॉरंट निघते. एप्रिलमध्ये तो गावी येतो, पाल ठोकतो, आणि आठवडी बाजारात पोलीस त्याला धरतात. आता त्याच्या नावापुढे 'फरार होता' असा शेरा पडलेला असतो. जुना जातमुचलका जप्त झालेला असतो आणि जुन्या जामीनदाराला दंडाची नोटीस गेलेली असते, त्यामुळे तो पुन्हा उभा राहत नाही आणि त्याचे पाहून दुसराही कोणी राहत नाही. मूळ गुन्ह्यासाठी कदाचित सहा महिन्यांचीही शिक्षा झाली नसती, असा माणूस या फेऱ्यात सापडून वर्षभर आत राहतो. बैठकीत एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या मुलाच्या बाबतीत हे असेच घडल्याचे सांगितले तेव्हा सभोवतालच्या किती तरी माना हलल्या. वास्तविक वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो, आणि कारण खरे असेल तर न्यायालये तो मंजूरही करतात. पण फडावर जाण्यापूर्वी वकिलाला भेटून हा अर्ज द्यावा, हे टोळीतल्या माणसाला सांगायचे कोणी?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण सहज म्हणून जातो. पायरी चढावी की न चढावी हे ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी ती म्हण असेल. पालावरच्या माणसाला ती पायरी पोलीस चढवतात.

या सगळ्यावर कायद्यात उपाय नाही असे मुळीच नाही, आणि माझ्या मते खरी टोचणी हीच आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण आले होते. त्याला जामीन मंजूर झाला, पण दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ पुढे आला तेव्हा 'भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे' म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही रक्कम १,००० रुपयांवर आणली, जातमुचलक्यावरही सुटका होऊ शकते असे स्पष्ट केले आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याची रीत चुकीची ठरवली. त्याला आज ४५ वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि आमच्याकडे दुसऱ्या जिल्ह्यातला मेहुणा आजही त्याच कारणासाठी परत पाठवला जातो.

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनाच्या कार्यक्रमात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी किरकोळ गुन्ह्यांसाठी वर्षानुवर्षे तुरुंगात असलेल्या गरिबांचा प्रश्न सरन्यायाधीशांच्या उपस्थितीत मांडला. त्यानंतर लगेच सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही आत असलेल्यांची माहिती मागवली. देशभरातून अशा सुमारे ५,००० जणांची यादी निघाली आणि नुसती विचारपूस सुरू झाल्यावर काही आठवड्यांत त्यांतील १,४१७ जण बाहेर आले. या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. त्या १,४१७ जणांसाठी नवा कायदा झाला नाही, नवा पुरावा आला नाही. कोणी तरी त्यांचे नाव घेऊन 'हा अजून आत का?' एवढे विचारले.

३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने यासंबंधीचे निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांकडे जावी आणि त्यांच्यामार्फत ती बंद्याला मिळावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. आणि एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर संबंधित न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका अडत असेल तर ती अट घालू नये, असेही त्यात म्हटले आहे. सात दिवस आणि एक महिना, या दोन्ही मुदती त्या बाईच्या बाबतीत केव्हाच उलटून गेल्या होत्या. कारागृहातून सात दिवसांनी ते पत्र निघाले की नाही हे मला ठाऊक नाही आणि कोणावर ठपका ठेवण्याची माझी इच्छाही नाही. पण पत्र निघाले की नाही हे विचारणारे बाहेर कोणी नव्हते, एवढे मात्र मी पाहिले.

२०२३ पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तिच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कच्च्या, म्हणजे निकाल न लागलेल्या, कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्या कैद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम सरकारने भरायची होती. दहशतवादविरोधी कायदा, अमली पदार्थ, भ्रष्टाचार आणि आर्थिक अफरातफरीची काही प्रकरणे तेवढी वगळलेली आहेत. योजना चांगली आहे. तिच्यातील एक अडचण मात्र टेबलावर काम केलेल्या माणसालाच दिसते. योजनेतून मिळतो पैसा, आणि आदेशात मागितलेला असतो जामीनदार. तेव्हा आधी 'जामीनदाराऐवजी रोख रक्कम स्वीकारावी' असा अर्ज देऊन आदेशात बदल करून घ्यावा लागतो. हा अर्ज कोणी केलाच नाही तर पैसा सरकारकडे राहतो आणि माणूस बराकीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ माणसांचा निकाल लागलेला नव्हता. दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याची सुटका व्हावी, इतरांची अर्ध्या काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे याला अपवाद आहेत. ज्यांचे खटले त्या तारखेच्या आधीचे आहेत त्यांनाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मात्र याच कलमात एक मेख आहे. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. ज्यांच्या वस्तीवर प्रत्येक चोरीनंतर पहिली धाड पडते, त्यांच्या नावावर एकच खटला क्वचितच असतो.

येथे विमुक्तांविषयी लिहिणे भाग आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि ही माणसे कागदावर विमुक्त झाली. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि नजर होती तिथेच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नियमावल्यांतील जातीवरून कामे वाटण्याच्या तरतुदी आणि विमुक्त जमातींना 'सराईत' मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी हे सांगावे लागले. बैठकीला आलेल्या एका पारधी तरुणाने सांगितले की, त्याच्या वडिलांना धरून नेले तेव्हा चोरी कुठे झाली हेही घरच्यांना कोणी सांगितले नव्हते. अटकेचे कारण सांगणे आणि चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभे करणे ही कोणाची मेहेरबानी नाही. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत जो अनुच्छेद मांडला आणि जो आज संविधानात बाविसावा आहे, त्याने दिलेला हा हक्क आहे. घरच्यांना कळवण्याचे बंधनही कायद्यातच आहे.

या रस्त्याचे टोक कुठे जाते ते पाहायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. जून २००३ मध्ये आपल्याच राज्यात एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचे बळी गेले, अत्याचार झाले. त्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा मजुरांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झाले. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचारात सहाही जणांना निर्दोष सोडले. त्या हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि त्या चौघांच्या मागे तपास गेलाच नव्हता, हे निकालपत्रात नोंदवलेले आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण गप्पांत वापरतो. येथे ती सुळी खरोखरच उभी होती आणि ती १६ वर्षे त्या सहा जणांच्या डोक्यावर होती. न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, त्या चौघांविषयी पुढे तपास करण्यास सांगितले आणि चुकीचा तपास करणाऱ्यांवर कारवाई करण्यासही सांगितले.

'गुन्हेगारांचा एवढा पुळका कशाला? ज्यांच्या घरी चोरी झाली, ज्यांचे माणूस मेले, त्यांच्यासाठी बैठक कधी घेणार?' असा प्रश्न बैठक सुरू असताना फाटकाशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी विचारला. प्रश्न रागाचा होता, पण खोटा नव्हता, आणि आयोजकांनी त्यांना आत बोलावून बसवले हे मला आवडले. त्यांना तेथे कोणी दिलेले उत्तर मला अपुरे वाटले म्हणून माझे उत्तर येथे देतो. त्या शेतवस्तीवरच्या कुटुंबाला न्याय मिळाला का? नाही. १६ वर्षे सरकार, पोलीस आणि तीन पायऱ्यांवरची न्यायालये भलत्याच सहा माणसांच्या मागे लागली होती आणि त्या काळात खरे गुन्हेगार मोकळे फिरत होते. निरपराध माणूस आत जातो तेव्हा त्याच्या घरावर तर अन्याय होतोच, पण फिर्यादीच्या घरावरही होतो. फरक एवढाच की फिर्यादीच्या घराला ते पुष्कळ वर्षांनी कळते. मोटार चोरीला गेलेल्या शेतकऱ्याचेही हेच आहे. त्याची मोटार अजून सापडलेली नाही, पण 'आरोपी अटकेत आहे' म्हणून तपासाची निकड संपली आहे.

भरपाईविषयी दोन वाक्ये लिहितो. कारण नसताना अटक घडवून आणल्यास याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ प्रमाणे दंडाधिकारी जास्तीत जास्त १,००० रुपये देववू शकतात. चुकीच्या खटल्यात वर्षे गमावलेल्यांना भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क असावा आणि त्यासाठी विशेष न्यायालये असावीत अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात केली होती, तो कायदा अजून झालेला नाही. आपल्या भागातील आमदार-खासदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा.

बैठक मुक्तिसंग्राम दिनाच्या तोंडावर का घेतली, असे मी आयोजकांपैकी एका मुलीला विचारले. ती म्हणाली, आमच्या शाळेत दरवर्षी सतरा सप्टेंबरला तुरुंगात गेलेल्यांची नावे वाचतात. खरे आहे. आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईला शाळेचे मुख्याध्यापक असलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि पुढे स्वातंत्र्याच्या वर्षीही निजामाने त्यांना आत टाकले. मराठवाड्यातील जुन्या घरांत आजोबा-पणजोबा तुरुंगात होते असे सांगताना आवाज चढतो. तुरुंगात गेलेल्या माणसाच्या घरी जाणे, त्याच्या बायकापोरांना धान्य पोचवणे, निरोप नेणे हे त्या पिढीने केले म्हणून ते घर उभे राहिले. आज ज्या घरातला माणूस आत गेला त्या घराकडे आपण पाठ फिरवतो, मग त्याच्यावरचा आरोप सिद्ध झालेला असो वा नसो. त्या बाईने सांगितले की, नवरा आत गेल्यापासून तिला गावातल्या दुकानात उधार मिळत नाही आणि मोठ्या मुलीने शाळा सोडली आहे.

बैठकीच्या शेवटी भाषणे झाली नाहीत. एका टेबलावर वही ठेवली गेली आणि ज्यांचे माणूस आत आहे त्यांनी नाव, पोलीस ठाणे, खटल्याचा क्रमांक आणि असल्यास जामिनाची तारीख सांगायची, असे ठरले. मला लिहिण्याची सवय असल्याने वही माझ्याकडे आली. दोन तासांत २३ नावे झाली. त्यांपैकी पाच जणांना जामीन मंजूर झालेला होता. दुसऱ्या वहीत जामीनदार म्हणून उभे राहण्याची तयारी असलेल्यांची नावे घेतली, त्यात नऊ जणांनी सातबाऱ्यासह नाव दिले. फाटकाशी उभे राहून प्रश्न विचारणारे ते गृहस्थ त्या नऊ जणांत नव्हते, पण ते शेवटपर्यंत बसून होते.

आपल्या वृत्तपत्राकडून माझ्या काही अपेक्षा आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते. जामीन मिळूनही सात दिवसांहून अधिक काळ आत असलेल्यांची संख्या मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांतून आपल्या वार्ताहरांनी दर तीन महिन्यांनी मिळवावी आणि नावे न देता, नुसता आकडा छापावा. हर्सूलसारख्या मध्यवर्ती कारागृहापासून जिल्हा कारागृहांपर्यंत सगळीकडची ही संख्या लोकांसमोर येऊ लागली तर ती कमी होऊ लागेल, असे त्या १,४१७ जणांच्या उदाहरणावरून मला वाटते. ताब्यात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, तो आपल्या जिल्हा पानावर ठळक छापावा. न्यायालयीन अधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे की, जामिनाच्या आदेशासोबत 'पैसे भरायचे नाहीत, हमी देणारा माणूस आणायचा आहे. तो मिळत नसेल तर अमुक ठिकाणी अर्ज करावा' असे मराठीत चार ओळींचे पत्रक बंद्याच्या घरच्यांना द्यावे. हे काम एका लिपिकाचे आणि एका झेरॉक्सचे आहे, मी ते खात्रीने सांगू शकतो.

मुकादमांना आणि साखर कारखान्यांच्या शेतकी विभागालाही एक विनंती आहे. टोळी उचलण्यापूर्वी कोणत्या कोयत्यावर खटला चालू आहे हे विचारून घ्यावे आणि हजेरी माफीचा अर्ज दिल्याशिवाय त्याला गाडीत बसवू नये. दसऱ्याला आता फार दिवस राहिलेले नाहीत.

त्या बाईच्या नवऱ्यासाठी जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडावे असा अर्ज सोमवारी दाखल झाला आहे, त्यावरील आदेश हे पत्र टपालात टाकेपर्यंत व्हायचा आहे. अर्ज अमान्य झाला तर वहीतील नऊ जणांपैकी दोघे उतारे घेऊन तयार आहेत. मुकादमाची उचल तिने अजून परत केलेली नाही, कारण ती परत घ्यायला तो तयार नाही. त्यामुळे नवरा सुटला तरी त्या दोघांना यंदा फडावर जावेच लागेल, आणि त्याच्या खटल्याची पुढची तारीख डिसेंबरात आहे. हजेरी माफीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे.

पुढची बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी, त्याच शाळेच्या व्हरांड्यात आहे. ज्यांचे माणूस आत आहे त्यांनी घरात असतील ते सगळे कागद, फाटलेले आणि भिजलेले असले तरी, घेऊन यावे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
जि. बीड